कापडाची पारख धुण्याच्या जागी

चादर विणणारा आणि ती पांघरणारा यांची गाठ सहसा पडत नाही. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या कारखान्यातून माल निघतो तो एजंटाकडे, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे, मग दुकानात आणि शेवटी कुणाच्या तरी घरात. उलट दिशेने मात्र दोनच गोष्टी येतात: पुढची ऑर्डर आणि परत आलेला माल. ती चादर कुणी घेतली, कशासाठी घेतली, पहिल्या धुण्यात तिचं काय झालं, तिसऱ्या वर्षी ती अंगावर होती की दिवाणाखाली पडली होती, यातलं काहीच मागावर उभ्या असलेल्या कामगाराला किंवा नक्षी काढणाऱ्या डिझाइनरला कळत नाही. म्हणून आपल्याकडे डिझाइनचा विचार फुलं, मोर आणि रंगांच्या पट्ट्यांवर येऊन थांबतो. मोर सुंदर असतो, पण टॉवेल पाणी ओढत नसेल तर मोराचा उपयोग नाही.

हा लेख यंत्रमाग, टॉवेल किंवा गणवेशाचा कारखाना चालवणाऱ्यांसाठी आणि त्यांच्याकडे डिझाइन, उत्पादन व विक्री सांभाळणाऱ्या मंडळींसाठी आहे. गिऱ्हाइकाच्या गरजेवरून माल घडवायला माणसं कशी तयार करायची, हा त्याचा विषय. माझं म्हणणं असं आहे की हे शिक्षण बंद खोलीत होत नाही. कापडाच्या धंद्यात त्याची खरी शाळा म्हणजे जिथे ते कापड धुतलं, पिळलं आणि वाळत घातलं जातं ती जागा. दुकानात हात फिरवून माल पसंत होतो, पण तो पुन्हा घ्यायचा की नाही हे मोरीत ठरतं.

सोलापूरला कापड नवं नाही. मोरारजी गोकुळदास यांच्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची, म्हणजे आपल्या जुन्या मिलची, सुरुवात १८७७ मध्ये झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे आधी हातमाग आणि पुढे यंत्रमाग रुजवले. जेकार्डवर विणलेल्या सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नावाचं रक्षण होतं, घरातली जागा मात्र मालाने स्वतःच मिळवावी लागते. पानिपतच्या पॉलिस्टर मिंक ब्लँकेटने अनेक घरांत ती जागा घेतली. ते स्वस्त आहे म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. ते हाताला मऊ लागतं आणि पॉलिस्टर पाणी फारसं धरत नसल्यामुळे धुतल्यावर पटकन वाळतं. आपली सुती चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, उन्हाळ्यात अंगाला सोसते, वर्षानुवर्षं टिकते. पण भिजली की ती दुपटीहून जड होते. एकटीने पिळायची, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घालायची आणि नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात धुवायची, तर तो भार कुणाच्या मनगटावर पडतो याचा विचार डिझाइनच्या टेबलावर कधी झाला? ही टीका नव्हे. आजवर तशी गरज पडली नव्हती, आता पडली आहे.

कुणाला शिकवायचं

पहिली चूक इथेच होते. मालकाच्या मुलाला किंवा एकट्या डिझाइनरला दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं जातं. तो उत्साहाने परत येतो, आठवडाभर बोलतो आणि मग नेहमीच्या कामाला लागतो, कारण त्याने जे पाहिलं ते बाकी कुणीच पाहिलेलं नसतं. तेव्हा एकाला पाठवण्याऐवजी पाच-सहा जणांची तुकडी करा. त्यात डिझाइनर असावा, जॉबर असावा, माल तपासून घडी घालणारा असावा, विक्रीला फिरणारा असावा, आणि टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांपैकी एक तरी असावीच. परतीच्या मालाची नोंद ठेवणारा हिशेबनीस घेतला तर फारच चांगलं, कारण मालातला दोष पैशांत किती पडतो हे त्यालाच ठाऊक असतं.

शिवणकाम करणारी बाई तुकडीत हवी, याबद्दल मी आग्रही आहे. कापड ती घरी रोज धुते. कारखान्यात तिला मत कुणी विचारत नाही आणि घरी मात्र तीच गिऱ्हाईक असते. शिवाय बाहेरच्या घरांत जाऊन बोलायचं तर बायकांशी बाईनेच बोलावं. घोंगडे वस्तीपासून मड्डी वस्तीपर्यंत तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी अशा भाषा कानावर पडतात. ज्या घरात जी भाषा चालते ती बोलणारा माणूस पुढे ठेवा. परक्या भाषेत माणूस ‘चांगलं आहे’ एवढंच म्हणतो.

मालकाने तुकडीत जरूर असावं, पण एक नियम पाळावा: बैठकीत त्याने सर्वांत शेवटी बोलावं. मालक आधी बोलला की बाकीच्यांना दिसलेलं सगळं त्याच्या मताशी जुळू लागतं.

आठवड्याला अर्धा दिवस आणि असे दोन महिने, एवढा वेळ पुरतो. माग बंद ठेवावे लागत नाहीत.

सुरुवात कशी करायची? मी एक तांब्या टेबलावर ठेवायला सांगेन. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला, आणि त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आपल्याकडच्या वस्तूंपैकी त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते तांब्याचं. तो घडवताना किती गोष्टींचा विचार आपोआप झाला असेल याची त्यांनी यादीच मांडली: पाणी किती मावावं, हात किती मोठा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का. तुमच्या तुकडीला हेच करायला लावा. तांब्यावर वीस प्रश्न काढा, मग तांब्या बाजूला करून तिथे स्वतःच्या कारखान्याचा टॉवेल ठेवा आणि त्यावर वीस प्रश्न काढा. पहिले सात-आठ सहज निघतात. पुढचे निघत नाहीत, कारण टॉवेल घरात कसा राहतो हे कुणी पाहिलेलंच नसतं. ती रिकामी जागा दिसली की पुढचं शिक्षण का करायचं हे सांगावं लागत नाही.

घोंगडीचं उदाहरणही जरूर घ्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी अंगाला खरखरीत लागते. पण मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला पावसात तिची खोळ करता येते, रात्री तीच अंथरता येते आणि थंडीत पांघरता येते. विणणारा आणि वापरणारा एकमेकांना ओळखत होते, म्हणून ती तशी घडली. आपल्या मालाच्या बाबतीत ही ओळख तुटली आहे, आणि प्रशिक्षणाचं काम ती पुन्हा जोडण्याचं आहे.

परत आलेला माल

बाहेर जाण्याआधी घरातलं वाचून घ्या. गेल्या वर्षभरात परत आलेला माल बहुतेक कारखान्यांत ‘डॅमेज’ म्हणून एका कोपऱ्यात जातो आणि वजनावर विकला जातो. तो विकण्याआधी टेबलावर मांडा. प्रत्येक नगाला चिठ्ठी लावा: कुठून आला, कधी विकला, काय कारण सांगितलं, आणि आपल्याला काय दिसतं. शेवटचे दोन रकाने वेगळेच ठेवायचे, ते एकात मिसळू नका. व्यापारी ‘रंग गेला’ म्हणतो आणि हातात घेतल्यावर दिसतं की रंग सगळीकडून उतरलेला नाही, ठिपक्या-ठिपक्यांनी उडाला आहे. म्हणजे ब्लीचिंग पावडर थेट अंगावर पडली आहे. मग प्रश्न रंगाऱ्याच्या कौशल्याचा राहत नाही, रंगाच्या जातीचा होतो. क्लोरीनपुढे अनेक रिॲक्टिव्ह रंग टिकत नाहीत, व्हॅट रंग टिकतात. रुग्णालयात जाणारा माल आणि घरात जाणारा माल एकाच रंगात काढणं हे त्या दोषाचं मूळ असतं.

व्यापाऱ्याला या कामातून वगळू नका. काय खपतं हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. पण घरी गेल्यावर कापडाचं काय होतं, हे त्यालाही तुमच्याइतकंच कमी दिसतं. त्याच्याकडून मागायचा तो पत्ता: नेहमीचं गिऱ्हाईक असलेली चार घरं, दोन लॉज, एखादं रुग्णालय.

धुण्याच्या जागी

सोलापूरची जागा या कामाला फार सोयीची आहे. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, तुळजापूर ४५ च्या आसपास, पंढरपूर ७० ते ७५. तिन्ही ठिकाणी वर्षभर भाविक येतात, लॉज आणि भक्तनिवास भरलेले असतात आणि चादरी-टॉवेलांचे ढीग रोज धुतले जातात. शहरातली रुग्णालयं आणि परीट हाताशी आहेत. एवढी मोठी प्रयोगशाळा जवळ असताना आपण नमुन्यांच्या पुस्तकावर बोटं फिरवत बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लॉजवर गेलात तर मॅनेजरशी दहा मिनिटं बोला आणि मग धुलाईच्या खोलीत दोन तास थांबा. टॉवेल मॅनेजर विकत घेतो, पाहुणा वापरतो, धुणारा धुतो आणि खोल्या आवरणारी बाई मोजते. या चौघांच्या गरजा चार आहेत. मॅनेजरला भाव हवा. पाहुण्याला कोरडं अंग हवं. धुणाऱ्याला ओल्या ढिगातून मोठा-लहान टॉवेल चटकन वेगळा करता यायला हवा, आणि सगळे पांढरे असल्यामुळे ते जमत नाही. कडेच्या शिलाईत मापागणिक वेगळा रंगीत दोरा घातला तर त्याचं रोजचं काम हलकं होतं आणि तुमचा खर्च जवळजवळ वाढत नाही. अशी सूचना ऑर्डर देणाऱ्याकडून येणं कठीण, कारण ओला ढीग त्याने उपसलेला नसतो.

वजनाचा हिशेब तिथेच कागदावर मांडा. ७५ × १५० सेंटिमीटरचा टॉवेल ५०० जीएसएमचा असेल तर सुमारे ५६० ग्रॅम भरतो, ३५० जीएसएमचा असेल तर सुमारे ३९५ ग्रॅम. रोज २०० टॉवेल धुणाऱ्या लॉजला हलका टॉवेल घेतल्यास दर दिवशी जवळपास ३४ किलो कापड कमी धुवावं आणि वाळवावं लागतं. पावसाळ्यात गच्चीवर दोऱ्या अपुऱ्या पडतात तेव्हा या ३४ किलोंची किंमत मॅनेजरलाही पटते. ‘आमचा माल जाड आहे’ असं आपण अभिमानाने सांगतो. काही गिऱ्हाइकांसाठी तोच जाडपणा ओझं असतो, आणि काहींना तोच हवा असतो. नेमकं कुणाला काय हवं ते तिथे गेल्यावरच दिसतं.

आषाढी वारीचंही असंच. दिंडीत चालणाऱ्याची चादर पिशवीतून जाते, जमिनीवर अंथरली जाते, पावसात भिजते आणि सकाळी निघण्याआधी वाळावी लागते. मळ दिसू नये, घडी लहान व्हावी, वजन कमी असावं. नेहमीची जाड जेकार्ड चादर त्या प्रवासाला साजेशी नाही. पंढरपूर एवढं जवळ असताना वारकऱ्यासाठी खास हलकी, चटकन वाळणारी सुती चादर घडवण्याला भरपूर वाव आहे, असं माझं ठाम मत आहे.

घरांत गेल्यावर काय विचारायचं, याचा सराव आधी कारखान्यातच करून घ्या. नवशिका माणूस विचारतो, “अक्का, आमची चादर आवडली का?” अक्का म्हणतात, “छान आहे की.” चहा होतो आणि हाती काहीच लागत नाही. मताऐवजी घडलेली गोष्ट विचारा. मागची चादर कधी घेतली? जुनी का टाकली? ती आता कुठे आहे? शेवटची धुतली ती कोणत्या दिवशी, कशात, किती बादल्या पाण्यात? वाळत कुठे घातली ते दाखवता का? ‘पुढच्या वेळी असं केलं तर घ्याल का?’ हा प्रश्न पूर्ण टाळा. समोर बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे अवघड जातं, आणि त्या भिडेतल्या ‘हो’ वर बीम चढवला तर माल अंगावर पडतो.

जुन्या कापडाचा माग काढणं हे तर फार शिकवणारं काम आहे. टॉवेलचं पुसणं झालं का, आणि किती महिन्यांनी झालं? चादर पाळण्यात गेली, वाकळेच्या आत गेली, की ट्रॅक्टरच्या सीटवर? कापड आधी कुठे विरलं, मध्ये की कडेला? कडेला विरलं असेल तर दोष विणीचा नसून शिलाईचा आहे. टॉवेलचे फंदे ओढले गेले असतील तर ते कशाने, हे पाहा: बांगडी, तारेचं कुंपण, की धुण्याचा दगड? आखूड फंदा आणि घट्ट बैठक दिली तर फंदे कमी ओढले जातात, पण टॉवेल तेवढा मऊ लागत नाही. कुणासाठी काय सोडायचं, हा निर्णय मग डोळ्यांदेखत घेता येतो.

दोघांनी जावं, एकाने बोलावं आणि एकाने लिहावं. लिहिताना माणसाचे शब्द जसेच्या तसे उतरवा. ‘टॉवेल अंगावरून नुसता घसरतो, पाणी पुसतच नाही’ हे वाक्य वहीत ‘शोषणक्षमता कमी’ असं झालं की त्यातलं निम्मं हरवतं. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, रुग्णालयात तर रुग्णाचा चेहरा येईल असा फोटो मुळीच नको. ज्यांनी वेळ दिला त्यांना एक चांगला टॉवेल द्या, दोषाचा देऊ नका. दहा-बारा घरं नीट पाहिली की त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकू येऊ लागतात. मोबाइलवर शेकडो लोकांना अर्ज पाठवण्याआधी हे करायचं, कारण काय विचारायचं हेच आधी ठाऊक नसतं.

बोलणं मागावर आणणं

आता सर्वांत अवघड भाग. इथे तुकडीतल्या जॉबरची आणि डिझाइनरची खरी परीक्षा असते. जपानमध्ये योजी अकाओ यांनी १९६० च्या दशकात एक पद्धत मांडली, १९७२ मध्ये मित्सुबिशीच्या कोबे इथल्या गोदीत ती वापरली गेली आणि तिथून जगभर पसरली. मोठ्या कंपन्यांत तिचे गुंतागुंतीचे तक्ते असतात, पण मूळ कल्पना एका मोठ्या पुठ्ठ्यावर मावते. डाव्या बाजूला गिऱ्हाइकाची वाक्यं लिहा. वरच्या बाजूला आपल्या हातातल्या गोष्टी लिहा: सुताचा नंबर, पीळ, फंद्याची उंची, इंचाला पिका किती, जीएसएम, रंगाची जात, शेवटची प्रक्रिया, शिलाई. मग एकेका वाक्यापुढे, ते कोणत्या गोष्टीने बदलेल तिथे खूण करा.

‘नवा टॉवेल पाणी ओढत नाही’ हेच वाक्य घ्या. सुतात पीळ कमी असेल तर फंदा जास्त पाणी ओढतो, पण लवकर झिजतो. दुकानात मऊ लागावा म्हणून शेवटी सिलिकॉन सॉफ्टनर दिला असेल तर तोच पाण्याला अडवतो, आणि काही धुण्यांनंतर निघून गेला की टॉवेल सुधारतो. म्हणजे दुकानातल्या हाताला खूश करताना आपण मोरीतल्या अंगाला नाराज केलं. खूण कुठे होणार? शेवटच्या प्रक्रियेच्या रकान्यात. नवं यंत्र लागत नाही, नवं डिझाइनही लागत नाही, सॉफ्टनरचं प्रमाण तपासायला लागतं.

काही वाक्यं या पुठ्ठ्यावर येणारच नाहीत, कारण ती कुणी बोलतच नाही. नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये हे नेमकं दाखवलं: काही गुण असे असतात की ते असले तर कुणी कौतुक करत नाही आणि नसले तर गिऱ्हाईक कायमचं तुटतं. चादरीचा रंग दुसऱ्या कपड्यांना लागू नये, हा असा गुण. रंग न गेल्याबद्दल कुणी फोन करत नाही. पण एकाच बादलीत भिजवलेला पांढरा सदरा गुलाबी झाला तर त्या घरात तुमचा माल पुन्हा जात नाही. असे न बोललेले गुण तुकडीने वेगळ्या कागदावर लिहावेत आणि भाव कमी करण्याच्या वाटाघाटीत त्यांना हात लावू नये.

त्यांच्या चाचण्या कारखान्यातच होतात. टॉवेलचा चार इंची तुकडा पाण्यावर हलकेच सोडून तो बुडायला किती सेकंद लागतात ते मोजा, नव्याचं आणि पाच धुण्यांनंतरचं. ओलं पांढरं फडकं रंगीत कापडावर घासून डाग पाहा. कापडावर ५० सेंटिमीटरची खूण करा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. ४७ भरले तर ६ टक्के आटलं. या आकड्यांची एक वही ठेवा आणि ती डिझाइनरच्याच टेबलावर असू द्या. मोठ्या खरेदीदाराला प्रमाणपत्र लागेल तेव्हा प्रयोगशाळेत जावंच लागेल, पण रोजचं शिक्षण या वहीतून होतं.

मग नमुने. एकाच बीमवर फंद्याची उंची आणि पिका बदलून तीन प्रकारचे टॉवेल काढता येतात. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड असेल तर पंच कार्डं नव्याने न ठोकता नक्षीही बदलता येते. प्रत्येक प्रकारचे आठ-दहा नग ज्या घरांत आणि लॉजवर गेलात तिथेच द्या, कडेला खूण करून. भाव, कोणता प्रकार महाग, यातलं काही सांगू नका. दहा धुण्यांनंतर परत जा आणि कोणता टॉवेल दोरीवर आहे, कोणता कपाटात घडी घालून पडला आहे, ते पाहा. माणसं जे वापरतात त्यावर जास्त विश्वास ठेवावा, जे बोलतात त्यावर कमी.

गणवेश करणाऱ्यांसाठी

सोलापुरात गणवेशाचा धंदा वाढला आहे, म्हणून हा भाग वेगळा. गणवेश निवडतात मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक, पैसे देतात पालक, घालतं मूल आणि धुते आई. यातल्या पहिल्याशीच आपली गाठ पडते. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात राज्यातल्या सरकारी शाळांसाठी कापड एकत्रित खरेदी करून महिला बचत गटांकडून गणवेश शिवून घेण्यात आले. अनेक ठिकाणांहून मापाच्या आणि उशिराच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. शिवणाऱ्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या मुलाचं माप घेतलेलं नाही त्याला बसणारा सदरा कुणीच शिवू शकत नाही. एकाच इयत्तेतल्या मुलांची उंची आणि अंगलट किती वेगळी असते, हे एका वर्गासमोर टेप घेऊन उभं राहिलं की कळतं, म्हणून ते तुकडीला करायला लावा.

शाळेत मधल्या सुट्टीत थांबा. पहिली-दुसरीतल्या मुलाला चड्डीचं हूक एकट्याने काढता येतं का? मुलींच्या गणवेशाला खिसा आहे का, आणि नसेल तर रुमाल, पैसे, मोठ्या मुलींचा पॅड त्या कशात नेतात? पांढऱ्या सलवारीबद्दल आठवी-नववीच्या मुलींचं मत कुणी घेतलं आहे का? हा प्रश्न बाईनेच, शाळेतल्या शिक्षिकेच्या परवानगीने विचारायचा. पॅन्टच्या तळाला आणि बाजूच्या शिवणीत माया किती ठेवली आहे? मूल वर्षभरात वाढतं, आई टाका उसवून पॅन्ट उतरवते, आणि आत कापडच नसेल तर डिसेंबरात नवी घ्यावी लागते. ती नवी घ्यायला गेली की रंगाची छटा जूनच्या लॉटशी जुळत नाही, ही आणखी एक कायमची तक्रार. जूनच्या लॉटचा नमुना तुकडा जपून ठेवून त्यावरूनच पुढचा रंग लावणं, एवढ्यावर ती मिटते.

बाहेरची मदत घ्यायला हरकत नाही. इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये १९८२ पासून वस्त्र अभियांत्रिकी शिकवली जाते. आयआयटी मुंबईचं औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ पासून काम करतं. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खरीखुरी अडचण हवी असते. पण त्यांना ‘नवीन डिझाइन द्या’ असं सांगून बोलावू नका. तुमच्या तुकडीची वही आणि पुठ्ठा त्यांच्यासमोर ठेवा, आणि त्यांच्याबरोबर आपला माणूस पूर्ण वेळ द्या. नाहीतर अहवाल त्यांच्याबरोबर जातो आणि शिकणं कुणाच्याच हाती लागत नाही.

सगळ्या मालावर एकदम हे करू नका. ज्याचा माल जास्त परत येतो असा एकच प्रकार निवडा. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक गरजेचे पैसे मिळतीलच असंही नाही, काही सुधारणा मागे ठेवाव्या लागतील, आणि कोणत्या ठेवल्या ते कारणासह वहीत लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी तोच वाद पुन्हा होत नाही. तुकडीतल्या कामगारांच्या या अर्ध्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या. नगावर पैसे मिळणाऱ्या बाईचं त्या वेळात नुकसान झालं तर दुसऱ्या भेटीला ती येणार नाही, आणि तिच्यावाचून हे काम पुढे जाणार नाही.

गणवेशवाल्यांनी शाळांच्या भेटी दिवाळीची सुट्टी संपताच ठरवाव्यात, कारण जूनच्या मालाची तयारी हिवाळ्यातच सुरू होते. टॉवेल आणि चादरवाल्यांनी पावसाळ्याची वाट पाहावी. वाळण्याचा प्रश्न तेव्हाच उघड दिसतो. तोवर कोपऱ्यातला परत आलेला माल वजनावर घालू नका.